सायकलने टायबरचं वरचं खोरं : सानसेपोल्क्रो ते असिसी

वेशीबाहेर

इटलीत सायकल चालवायची म्हटलं की आपल्याकडे किआंती आणि सिएनाचं नाव आधी निघतं. तो भाग देखणा आहेच. पण आरेत्झोहून पूर्वेला एक डोंगररांग ओलांडली की टायबर नदीचं वरचं खोरं लागतं. त्याबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा. रोममध्ये उंच दगडी भिंतींत बांधून घातलेली टायबर इथे झाडांमधून वाहणारी छोटी नदी आहे. खोऱ्याचा वरचा भाग टस्कनी प्रांतात, खालचा उंब्रिया प्रांतात. दोन्ही अंगांच्या टेकड्यांवर तटबंदीची गावं, एकमेकांपासून साधारण आठ ते पंधरा किलोमीटरवर. पायी चालणारा माणूस आणि ओझं वाहणारं गाढव यांच्या हिशेबाने पडलेली ही अंतरं आहेत. मोटारीने सगळी गावं दोन दिवसांत पाहून होतात आणि एकही नीट लक्षात राहत नाही. सायकलने दिवसाला दोन गावं, फार तर तीन. या मुलखाला हाच वेग मानवतो असं माझं ठाम मत आहे.

आमची सहल गाइडसह होती. दहा-बारा जण, एक गाइड पुढे सायकलवर, मागे सामानाची व्हॅन.

सुरुवात सानसेपोल्क्रोला. हे चित्रकार पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं गाव. पंधराव्या शतकात त्याने इथल्या नगरसभेच्या इमारतीत काढलेलं पुनरुत्थानाचं भित्तिचित्र आजही त्याच इमारतीत आहे. थडग्याच्या काठावर पाय ठेवून उठलेला ख्रिस्त आणि खाली गाढ झोपलेले पहारेकरी. १९४४ मध्ये टोनी क्लार्क नावाच्या ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याला या गावावर तोफा डागायचा हुकूम होता. मारा सुरूही झाला होता. तेवढ्यात त्याला पूर्वी वाचलेला एक लेख आठवला. जगातलं सर्वांत श्रेष्ठ चित्र याच गावात आहे असं त्यात म्हटलं होतं. त्याने तोफा थांबवल्या. चित्र राहिलं, गाव राहिलं, आणि गावाने एका रस्त्याला त्याचं नाव दिलं. ही गोष्ट गाइडने त्या चित्रासमोर सांगितली, तेव्हा आमच्या गटातल्या दोघांचे डोळे भरून आले. माझेही.

सानसेपोल्क्रोहून आंगियारीला जाणारा रस्ता सरळसोट आहे, सुमारे आठ किलोमीटर, दोन्हीकडे सूर्यफूल आणि तंबाखूची शेतं. शेवटी गावात शिरताना मात्र तो चांगलाच चढतो. याच मैदानात २९ जून १४४० रोजी फ्लोरेन्स आणि पोपच्या फौजेने मिलानच्या फौजेचा पराभव केला. लिओनार्दोने पुढे या लढाईचं भव्य चित्र फ्लोरेन्समध्ये सुरू केलं होतं, ते आता अस्तित्वात नाही. तटावर उभं राहिलं की अख्खं रणांगण खाली दिसतं.

आता कोस्पायाबद्दल, कारण मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट ही. सानसेपोल्क्रोपासून थोड्याच अंतरावर, टेकाडावर हे खेडं आहे. चार घरं आणि एक चर्च. १४४० च्या सुमारास पोपने पैशांच्या गरजेपोटी सानसेपोल्क्रो फ्लोरेन्सला गहाण टाकलं. हद्द ठरली 'रिओ' या ओढ्यावर. पण रिओ नावाचे ओढे दोन होते. पोपच्या माणसांनी एक धरला, फ्लोरेन्सच्या माणसांनी दुसरा. मधली जेमतेम तीन चौरस किलोमीटरची पट्टी कुणाचीच उरली नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी आपण स्वतंत्र असल्याचं जाहीर केलं आणि ते स्वातंत्र्य १८२६ पर्यंत टिकलं. ना सैन्य, ना तुरुंग, ना कर. सोळाव्या शतकात या खोऱ्यात तंबाखूचं बी आलं. पुढे पोपच्या राज्यात तंबाखूवर कडक बंधनं आली, तेव्हा कोस्पायाने ती मोकळेपणाने पिकवून चांगला पैसा केला. खोऱ्यात आज दिसणाऱ्या तंबाखूच्या शेतांचं मूळ तिथे आहे. मोठ्या बसचे प्रवासी इथे येत नाहीत. आम्ही चर्चच्या पायरीवर बसून टरबूज खाल्लं.

पुढे मोंतेर्की आणि चितेर्ना. मोंतेर्कीला पिएरोचंच गर्भवती मरियमचं चित्र आहे. एक हात पोटावर, निळा झगा पुढून किंचित उसवलेला. आसपासच्या गरोदर बायका पिढ्यान्‌पिढ्या तिच्यासमोर सुखरूप बाळंतपणासाठी प्रार्थना करत आल्या आहेत. मोंतेर्कीहून चितेर्नाचा चढ छोटा पण तीव्र आहे. वर पोचल्यावर खोरं पूर्ण उलगडतं.

मग चित्ता दि कास्तेल्लो, तिथून नदीकाठाने मोंतोने आणि उंबेर्तिदे, पुढे डोंगर ओलांडून गुब्बिओ, आणि शेवटी असिसी. उंबेर्तिदेहून गुब्बिओ सुमारे तीस किलोमीटर, पण चढउताराचे. गुब्बिओ ते असिसी हा सर्वांत कठीण दिवस. वडिलांचं घर सोडल्यावर संत फ्रान्सिस असिसीहून गुब्बिओलाच गेला होता, त्यामुळे त्या वाटेवर पाठीवर पिशवी घेतलेले यात्रेकरू भेटत राहतात. असिसीबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं, मी लिहीत नाही.

मोंतोनेबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. या चिमुकल्या डोंगरी गावात एक सूर्यघड्याळ आहे, ते दुसऱ्या महायुद्धात या खोऱ्यात धारातीर्थी पडलेले रायगडकडचे सैनिक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ उभारलेलं. गाइडने आम्हाला मुद्दाम तिथे नेलं. गटात मराठी आम्ही दोघंच होतो. मला त्यांच्याबद्दल शाळेतल्या एका ओळीपलीकडे माहिती नव्हती. इथे कुणी रायगडकडचं असेल तर जरूर लिहा.

घाटवाटा

लेख आवडला. कोस्पाया भन्नाट आहे, वाचनखूण साठवली.

पण एक मुद्दा पटत नाही. गाइडसह कशाला जायचं? मी मनाली-लेह सायकलने केलं आहे, कोकण किनारा तर दरवर्षी. आज वाटेची फाइल मोबाइलवर मिळते. हॉटेलं आपण बुक करू शकतो. गाइडच्या सहलीचा दर जवळजवळ दुप्पट होतो आणि वर दहा अनोळखी लोकांच्या वेगाने चालवायचं. सायकल म्हणजे मोकळीक. ती दुसऱ्याच्या हाती देऊन काय मिळवलं?

वेशीबाहेर

@घाटवाटा, तुमच्या पायांबद्दल मला शंका नाही. मनाली-लेह करणाऱ्याला हे चढ किरकोळ वाटतील. गाइड मला रस्ता दाखवायला नको होती, दारं उघडायला हवी होती.

चितेर्नाचंच सांगते. तिथल्या सान फ्रांचेस्को चर्चमध्ये मरियम आणि बाळाची भाजक्या मातीची रंगीत मूर्ती आहे. ती दोनातेल्लोची आहे हे २००१ नंतर अभ्यासकांच्या लक्षात आलं. तोपर्यंत गावाला ती फक्त आपली मरियम होती. जीर्णोद्धारात वरच्या रंगांची पुटं काढली तेव्हा मूळचे रंग दिसले. आता ती परत चितेर्नात आहे, पण आधी कळवल्याशिवाय पाहायला मिळेलच असं नाही. आमच्या गाइडने दोन दिवस आधी फोन केला होता. आम्ही पोचलो तेव्हा गावातल्या एक आजी किल्ली घेऊन उभ्या होत्या. त्या इटालियन बोलत होत्या, गाइड इंग्रजीत सांगत होती. मूर्ती गावाबाहेर नेली तेव्हा बायका कशा बेचैन होत्या, हे त्या आजींकडून ऐकायला मिळालं. ते मोबाइलवरच्या फाइलीत नसतं.

दुसरं, या गावांत दुपारी एक ते चार सगळं बंद असतं. दुकान, चर्च, कधीकधी संग्रहालयसुद्धा. दिवसाची आखणी त्यावर करावी लागते. चांगला गाइड हे जाणतो आणि तुम्हाला बंद दारासमोर उन्हात उभं करत नाही.

इसारकाठ

मी म्युनिकमध्ये राहते. हा भाग मी दोन्ही पद्धतींनी केला आहे, म्हणून दोघांच्या मधलं सांगते.

तिसरा प्रकार असतो. कंपनी सायकल देते, वाटेची फाइल देते, हॉटेलं ठरवते आणि सामान रोज पुढच्या मुक्कामी पोचवते. बरोबर कुणी नसतं. बिघाड झाला तर फोन करायचा. गाइडसह सहलीपेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. दोन मित्र किंवा जोडपं असेल आणि पंक्चर काढता येत असेल तर @घाटवाटा यांनी हे पाहावं.

पण पहिल्यांदा युरोपात सायकल चालवणाऱ्याने गाइडसह जावं असंच मी सांगेन. उजव्या बाजूने चालवण्याची सवय व्हायला दोन दिवस लागतात. गोल चौकात आपला मेंदू अजून डावीकडे वळत असतो. पुढे कुणीतरी असलं की ते दोन दिवस निभावतात.

सायकलीबद्दल: तिथल्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर, म्हणजे मुरूम-खडीच्या रस्त्यांवर, रेसिंगचे बारीक टायर घेऊ नका. ३८-४० मिलिमीटर रुंदीचे टायर आणि खूप हलके गिअर हवेत. भाड्याची सायकल घेणार असाल तर स्वतःचे पेडल आणि सीट सोबत न्या, बाकी काही नको. उंची सेंटिमीटरमध्ये आधी कळवा. भारतातून सायकल विमानाने नेण्याची यातायात एवढ्या दिवसांसाठी करू नये.

शुद्ध_शाकाहारी

जेवणाचं काय? आम्ही दोघं कट्टर शाकाहारी, अंडंही नाही. आधीच्या एका युरोप सहलीत टूरवाल्याने "सगळं मिळेल" म्हणून नेलं आणि रोज उकडलेला पास्ता खाल्ला.

वेशीबाहेर

@शुद्ध_शाकाहारी, उंब्रियात उपाशी राहणार नाही, पण विचारल्याशिवाय खाऊ नका. डाळी-कडधान्यांच्या सुपात मांसाचं पाणी घातलेलं असू शकतं. टोर्टा अल टेस्टो नावाची जाड, तव्यावर भाजलेली रोटी सगळीकडे मिळते, मध्ये पालेभाजी आणि चीज भरून. काही ठिकाणी तिच्या पिठात डुकराची चरबी घालतात, काही ठिकाणी ऑलिव्ह तेल. आमच्या गाइडने पहिल्याच संध्याकाळी प्रत्येकाचं काय चालतं, काय नाही हे लिहून घेतलं होतं आणि पुढच्या प्रत्येक स्वयंपाकघराला आधी कळवलं. पेकोरिनो चीज पारंपरिक पद्धतीने प्राण्यांच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) बनतं, हे तुम्हाला चालतं का तेही आधी ठरवा.

आनंदाची बातमी म्हणजे कडधान्यं. कास्तेल्लुच्चोची मसूर आणि चिचेर्किया. चिचेर्किया म्हणजे आपली लाख. विदर्भातली लाखोळी डाळ जिथे घरोघरी शिजते तिथल्या माणसाला उंब्रियात ताटात तीच दिसली की बरं वाटेल. तिथे ती रात्रभर भिजवून, पाणी टाकून, लसूण-रोझमेरी आणि ऑलिव्ह तेलात सूप करतात.

पाव अळणी असतो. पहिल्या दिवशी खटकतो. खारट चीजबरोबर खाल्ला की कळतं का अळणी ठेवतात ते.

विदर्भपुत्र

लाखोळी! भंडाऱ्याचा माणूस इथे खूश झाला आहे.

निवृत्त_शिक्षक

मी चौसष्ट वर्षांचा. सायकल रोज चालवतो, पण सपाटीवर, सोलापुरात. उजव्या गुडघ्याची तक्रार आहे. पत्नी सायकल चालवत नाही. आम्हा दोघांना जमेल असं काही आहे का? खर्चाचाही अंदाज द्यावा.

इसारकाठ

काका, नक्की जमेल. ई-बाइक घ्या. पेडल मारावंच लागतं, पण चढावर मोटर मदत करते आणि गुडघ्यावर ताण कमी येतो. आमच्या गटात सत्तरीचे लोक ई-बाइकवर होते आणि वर पोचून आमची वाट पाहत होते. दोन गोष्टी सांभाळा. ई-बाइक जड असते, उतारावर ब्रेक आधीपासून हळूहळू दाबायचा. आणि जायच्या आधी दोन-तीन महिने सोलापूरजवळ मिळेल त्या चढावर सराव करा, बसण्याची सवय व्हायला हवी.

काकूंसाठी: काही कंपन्या न चालवणाऱ्या जोडीदाराला व्हॅनमधून नेतात, काही नेत नाहीत. पैसे भरण्याआधी लेखी विचारा. जमत असेल तर असिसी ते स्पोलेतो हा सायकलमार्ग वेगळा पाहा. सुमारे पन्नास किलोमीटर, जवळजवळ पूर्ण सपाट, वाटेत बेवान्या हे फार सुंदर मध्ययुगीन गाव लागतं. तिथे जूनमध्ये चार मोहल्ले मध्ययुगीन कारागिरी जशीच्या तशी करून दाखवतात. कागद, मेणबत्त्या, रेशीम. मागे-पुढे बसून चालवायची टँडम सायकलही काही ठिकाणी भाड्याने मिळते.

खर्च: आठवड्याच्या गाइडसह सहलीसाठी मला आलेले दर माणशी पंधराशे ते अडीच हजार युरो होते, मुक्कामाच्या दर्जानुसार. विमानभाडं वेगळं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात सायकलिंगचा अपघात धरलेला आहे का हे पॉलिसीत वाचून घ्या, काही पॉलिसी तो वगळतात.

इतिहासप्रेमी_७५

गावं टेकडीवर का, हे कुणीतरी लिहायला हवं होतं, म्हणून मी लिहितो.

रोमन काळात लोक खाली सपाटीवर होते. साम्राज्य कोसळल्यावर रस्ते आणि पाटबंधारे मोडले, मैदानात दलदल झाली, हिवताप आला, वर लुटारूंची भीती. दहाव्या शतकापासून सरदारांनी टेकडीवर तटबंद वस्त्या वसवायला सुरुवात केली आणि शेतकरी तटाच्या आत राहू लागले. दिवसा खाली शेतात, रात्री वर. अकराव्या-बाराव्या शतकात काही गावांनी सरदाराला बाजूला सारून स्वतःचा कारभार सुरू केला. गुब्बिओचा कौन्सलांचा, म्हणजे नगराच्या कारभाऱ्यांचा, वाडा त्या स्वाभिमानाचा दगडी पुरावा आहे. चौदाव्या शतकातली ती इमारत डोंगराच्या उतारावर इतकी उंच उठवली आहे की खालून पाहताना मान दुखते. आत इग्युव्हियमचे (हे गुब्बिओचं प्राचीन नाव) सात कांस्यपट आहेत, उंब्रियन भाषेत पूजाविधी कोरलेले. त्या प्राचीन भाषेचा एवढा मोठा मजकूर दुसरीकडे कुठेही नाही. सायकल बाहेर लावा आणि ते पाहाच.

मोंतोने ही ब्राच्चो फोर्तेब्राच्चो या सेनानीची जहागीर. जन्म १३६८, मृत्यू १४२४. असे भाडोत्री सेनानी करार करून शहरांसाठी लढत, करार संपला की दुसऱ्या शहराकडे. ब्राच्चोने पेरुजा जिंकलं आणि मध्य इटलीत स्वतःचं राज्य उभं करण्याच्या बेतात होता. लाक्विलाच्या वेढ्यात पडला. वर धाग्यात आलेल्या आंगियारीच्या लढाईत मिलानचा सेनापती पिच्चिनिनो होता, तो ब्राच्चोच्याच फौजेत घडलेला. दोन्ही गावं एका दिवसाच्या सायकलीच्या अंतरावर आहेत हे मला या धाग्यामुळे पहिल्यांदा जाणवलं.

शेतावरचा_प्रवासी

एक जोड देतो, शेतीची. तिथली शेतात एकटी उभी असलेली दगडी घरं फोटोत फार छान दिसतात. त्यांच्यामागे अर्धेलीची पद्धत आहे. जमीन आणि घर मालकाचं, कष्ट कुटुंबाचं, पीक अर्धं-अर्धं. अनेक शतकं मध्य इटलीतली शेती अशी चालली. खालच्या मजल्यावर बैल, वरच्या मजल्यावर वीस-पंचवीस माणसांचं कुटुंब. १९६४ च्या कायद्याने नवे अर्धेलीचे करार बंद झाले. तोवर तरुण कारखान्यांत गेले होते. घरं ओस पडली, छपरं कोसळली. नंतर त्यातली कितीतरी दुरुस्त होऊन शेतमुक्कामाची घरं झाली. सायकल सहलीत मुक्काम बहुतेक अशाच घरांत असतो. आमच्या आजोबांनी मराठवाड्यात अर्धेलीनेच शेती केली. त्यामुळे त्या घराच्या खालच्या खोलीत, जिथे आता जेवणाची टेबलं आहेत, तिथे दगडी गव्हाणी पाहून मी बराच वेळ थांबलो. आपल्या सहलीत असं घर आलं तर मालकांना विचारा. म्हातारी माणसं आवडीने सांगतात.

चित्ता दि कास्तेल्लोला तंबाखू वाळवायच्या प्रचंड गोदामांत अल्बेर्तो बुर्री या चित्रकाराची मोठी चित्रं लावली आहेत. हा मूळचा डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात टेक्सासमध्ये युद्धकैदी होता, तिथे चित्रं काढू लागला. पुढे गोणपाट शिवून, जाळून चित्रं केली. शेतकऱ्याला ते गोणपाट लगेच ओळखू येतं.

माणगावकर

धागा आज दिसला. मी माणगावचा आहे. वेशीबाहेर ताई, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो.

यशवंत बाळाजी घाडगे आमच्या तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, एकटे यशवंतराव उभे राहिले. ते थेट मशिनगनवर धावून गेले. बॉम्ब फेकून मशिनगन आणि ती चालवणारा निकामी केला. मग टॉमीगनने आणखी एकाला मारलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवलं. त्यानंतर लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते कोसळले. तेव्हा त्यांचं वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. त्यांचं नाव कासीनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे, कारण त्यांची वेगळी समाधी नाही.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा महामार्गाने हजारो लोक माणगावहून जातात, चहा पितात, पुढे जातात. पुतळा कुणाचा हे फार थोडे विचारतात. इटलीतल्या एका गावाने २०२३ मध्ये, जवळपास ऐंशी वर्षांनी, त्यांच्यासाठी सूर्यघड्याळ उभारलं. "आपण सारे एकाच सूर्याखाली" अशा अर्थाचं त्याचं ब्रीद आहे. आम्हाला त्याचं फार अप्रूप आहे. तुम्ही तिथे सायकलने जाऊन उभ्या राहिलात हे वाचून बरं वाटलं.

वेशीबाहेर

माणगावकर दादा, मनापासून आभार. तिथे उभी असताना ही सगळी हकीकत माहीत असती तर मी गटाला सांगितली असती. आता या धाग्याची छापील प्रत आमच्या गाइडला इंग्रजी करून पाठवणार आहे, म्हणजे पुढच्या गटांना ती सांगेल.

एक गोष्ट सायकलमुळे कळली ती लिहिते. मोंतोने सुमारे ४८० मीटर उंचीवर आहे आणि खालचं उंबेर्तिदे अडीचशेच्या आत-बाहेर. शेवटचा चढ चढताना प्रत्येक वळणावर वरून आपण दिसत राहतो. झाडी मधूनच, ओढे खोल, प्रत्येक टेकाडामागे दुसरं टेकाड. वर कुणी बंदूक घेऊन बसलेला असेल तर खालून येणाऱ्याला आडोसा किती थोडा, हे मला तिथे कळलं. ब्रिटिश हिंदी सैन्याच्या दहाव्या डिव्हिजनने हे खोरं जुलै १९४४ मध्ये जर्मनांकडून टेकडी-टेकडी लढवत घेतलं. चित्ता दि कास्तेल्लो २२ जुलैला मुक्त झालं.

उंबेर्तिदेनेही फार सोसलं आहे. २५ एप्रिल १९४४ ला नदीवरच्या पुलावर टाकलेले बॉम्ब वस्तीवर पडले आणि सुमारे सत्तर नागरिक गेले. जिथे ती गल्ली होती तिथे आता मोकळा चौक आहे.

इतिहासप्रेमी_७५

माणगावकर, उत्तम लिहिलंत. नामदेव जाधव यांचंही नाव इथे यायला हवं. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे, त्याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवरून नदीपार आणलं आणि मग एकट्याने मशिनगनच्या जागा बंद केल्या. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. ते वाचले, १९८४ मध्ये वारले. सेनिओ मात्र या वाटेवर नाही, ती अपेनाइन पर्वताच्या पलीकडे, रावेनाच्या बाजूला.

या सहलीला जाणाऱ्यांनी आरेत्झोची युद्धसमाधी चुकवू नये. तिथे हिंदी सैनिकांच्या कबरी खूप आहेत. ज्यांचं दहन झालं त्यांच्या नावांचं वेगळं स्मारकही त्याच आवारात आहे. बहुतेकांची सहल आरेत्झो स्थानकावरूनच सुरू होते, अर्धा दिवस आधी पोचा.

घाटवाटा

गाइडबद्दलचं माझं म्हणणं मागे घेत नाही, मी एकटाच जाणार. पण चितेर्नाला आधी फोन करणार, आरेत्झोला अर्धा दिवस ठेवणार, आणि मोंतोनेला मुक्काम करणार. कधी जावं?

इसारकाठ

एप्रिलअखेर ते जूनमध्य, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. मे-जूनमध्ये शेतांच्या बांधांवर लाल खसखशीची फुलं आणि टेकड्यांवर पिवळी झुडपं फुललेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीवर जातो. १५ मे ला गुब्बिओत तीन संतांचे अवजड लाकडी स्तंभ खांद्यावर घेऊन डोंगरावरच्या मंदिरापर्यंत धावत नेतात, जोतिबाच्या सासनकाठ्यांची आठवण येईल अशी गर्दी आणि जोश. पाहायचं असेल तर खोली खूप आधी घ्या. पाहायचं नसेल तर त्या दिवशी गुब्बिओत सायकल नेऊ नका.

रोम-फ्लोरेन्स रेल्वेमार्गावर आरेत्झोला उतरायचं. प्रादेशिक गाड्यांत सायकलचं वेगळं तिकीट काढून सायकल नेता येते. डब्यावर सायकलचं चिन्ह असतं, तिथेच चढा. वेगवान गाड्यांत पूर्ण सायकल चालत नाही, सुटी करून पिशवीत घालावी लागते.

माणगावकर

एक विचारायचं राहिलं. माझे वडील त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, निवृत्त सैनिक. १० जुलैला मोंतोनेत असावं अशी त्यांची फार इच्छा आहे. ते सायकल चालवणार नाहीत, मी आणि माझा मुलगा चालवू. जुलै गरम असतो हे कळलं, पण तारीख तीच हवी. जमवता येईल का?

वेशीबाहेर

दादा, येईल. गाइडच्या ठरावीक सहलीत तारीख जुळणं कठीण, म्हणून इसारकाठ यांनी सांगितलेला तिसरा प्रकार घ्या. पहिला मुक्काम पेरुजा, दुसरा उंबेर्तिदे. वडील सामानाच्या गाडीने किंवा टॅक्सीने येतील, उंबेर्तिदेहून मोंतोने दहा-एक किलोमीटरच आहे. जुलैच्या पूर्वार्धात मोंतोनेत चित्रपट महोत्सव असतो, गावात खोल्या मोजक्या, तेव्हा जानेवारीतच बुक करा. नगरपालिकेला आधी पत्र लिहा, वडील निवृत्त सैनिक आहेत आणि तुम्ही माणगावहून येताय हे त्यात जरूर लिहा. इटालियन मसुदा मी करून देते, व्यक्तिगत निरोपात पाठवा. आणि त्या दिवशी उंबेर्तिदेहून सकाळी साडेसहालाच निघा, म्हणजे चढ उन्हाआधी संपेल. पाणी खालीच भरून घ्या.